एक सिग्नल, तीन कबुल्या

१

सिग्नल तोडल्याचा गुन्हा एक होता, मोटारसायकल एक होती आणि फोटोत तिच्यावर बसलेला माणूसही एकच होता. कबुल्या मात्र तीन आल्या.

वाहतूक कार्यालयातील सुनावणीच्या खोलीत अधिकारी बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, क्रमाने वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"मोटारसायकलवर तिघांनी बसणं हासुद्धा गुन्हाच आहे," त्या म्हणाल्या. "पण फोटोत एकच जण दिसतोय. बाकीचे दोघं कुठे बसले होते? टाकीत?"

समोरच्या बाकावर चौघे बसले होते. कडेला मोटारसायकलचा मालक, जो शाळेच्या बसवर चालक होता. त्याच्याशेजारी त्याची बायको, मग तिचे वडील आणि शेवटी चालकाचा धाकटा भाऊ. चालकाखेरीज उरलेल्या तिघांनी, एकमेकांना पत्ता न लागू देता, "त्या दिवशी गाडी मीच चालवत होतो" किंवा "होते" असे लिहून दिले होते. ही गोष्ट चालकाला आत्ता, या खोलीत, सगळ्यांच्या देखत कळली. तो पाळीपाळीने प्रत्येकाकडे पाहत राहिला.

"मॅडम, मी नव्हतो एवढंच मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी बसवर होतो."

"बस दुपारी उभी असते. तुम्ही बसमध्ये झोपला होता, असं तुम्हीच लिहिलंय. झोपलेल्या माणसाला साक्षीदार नसतो."

नियम साधा होता. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, माणसाचा चेहरा नव्हे. म्हणून नोटीस मालकाला जाते. त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे मालकाने सांगायचे. सांगता आले नाही, तर गुन्हा मालकाच्या परवान्यावर चढतो. दंडाची रक्कम किरकोळ होती आणि तिची कोणालाच फिकीर नव्हती. अडचण वेगळीच होती. ज्याच्या परवान्यावर सिग्नल तोडल्याची नोंद आहे, त्याच्या हाती शाळा मुलांची बस देत नसे. चालकाचा बिल्ला काढून घेतला जाणार होता. त्या माणसाने आजवर पिवळ्या दिव्यावरसुद्धा कधी चाक पुढे घातले नव्हते.

"उद्या बारा वाजेपर्यंत मला एक नाव द्या," बाईंनी फाइल मिटली. "एकच, आणि खरं. नाहीतर गुन्हा मालकावर, आणि हे तीन खोटे जबाब आहेत त्यांचं प्रकरण वेगळं."

"तीन नाही मॅडम, दोन खोटे," धाकटा भाऊ म्हणाला. "एक तर खरा असेलच ना."

बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की, त्याने पुढचे वाक्य गिळले.

जिना उतरताना बायको वडिलांवर करवादली. "अण्णा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"आणि तुला कोणी सांगितलं होतं?"

"हात दाखवून अवलक्षण!" चालक म्हणाला. नोटीस आल्यापासून त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "घरी चला. वरच्या काकांना विचारू."

२

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त परीक्षकांना सगळे 'आठवाले काका' म्हणत. तंत्रनिकेतनातून वाहन अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते वाहतूक खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत परवान्याच्या चाचण्या घेत राहिले. मैदानावर चुन्याने आखलेल्या आठाच्या आकड्यावरून त्यांनी अर्ध्या गावाला फिरवले होते आणि ज्यांचा पाय जमिनीला टेकला, त्यांना पुन्हा बोलावले होते. चाचणी घेताना ते उमेदवाराच्या चेहऱ्याकडे बघत नसत. चेहरा आत्मविश्वास दाखवतो, पाय खरे बोलतात, असे त्यांचे मत होते.

त्यांनी नोटिशीवरचा फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. तो मागच्या बाजूने घेतलेला होता. क्रमांकाची पाटी स्पष्ट दिसत होती. चालवणाऱ्याच्या डोक्यावर संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि अंगात ढगळ जाकीट होते. पुरुष की बाई, म्हातारा की तरुण, काहीच कळत नव्हते. वर सिग्नल लाल दिसत होता, डावीकडे औषधांच्या दुकानाची पाटी होती आणि खाली कोपऱ्यात यंत्राने वेग छापला होता: ताशी सतरा. फोटो भर दुपारचा होता. चारही बाजूंनी तो कापून गाडीपुरता ठेवलेला होता.

"आता पहिल्यापासून सांग," काका चालकाला म्हणाले. "गाळू काही नकोस आणि पदरचं घालूही नकोस."

"गाडी सर्व्हिसिंगला कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे दिली होती. त्या दिवशी त्यानं ती परत आणून खाली लावली. घरी कोणी नव्हतं, म्हणून किल्ली मीटरच्या पेटीत ठेवून गेला. आमची पद्धतच आहे ती, घरात सगळ्यांना माहीत आहे. नोटीस आल्यावर मी त्याला फोन करून विचारलं, किती वाजता लावलीस? तो म्हणाला, सकाळी नऊ-साडेनऊला. ही कामावरून तीनला आली तेव्हा गाडी जागेवर होती. मधल्या वेळात कोणीतरी घरी येऊन ती नेली आणि परत आणून ठेवली."

"म्हणजे घरातलंच कोणीतरी."

"दुसऱ्या कोणाला पेटी माहीत आहे?" चालकाने मान खाली घातली. "संध्याकाळी मी आलो तर गाडी सुरूच होईना. टाकी कोरडी ठणठणीत. गॅरेजला देण्याच्या आदल्याच दिवशी मी ती गच्च भरली होती. ढकलत पंपावर नेली आणि धाकट्याला चार शब्द सुनावले. तो म्हणतो, मी हातसुद्धा लावला नाही. आणि आज म्हणतो, मीच चालवत होतो! काका, माझं डोकं चालेनासं झालंय. त्यात बसच्या माझ्या बाजूच्या खिडकीची काच आठवडाभर खडखडतेय. दिवसभर तेच कानात वाजत असतं."

काकांनी फोटो टेबलावर ठेवला.

"तिघांना माझ्याकडे एकेकटं पाठव," ते म्हणाले. "आणि एक गेल्याशिवाय दुसरा जिन्यावर दिसता कामा नये."

३

धाकटा भाऊ घरोघरी पार्सले पोहोचवत असे. तो इतक्या वेगाने जिने चढे की, इमारतीत त्याला 'वादळ' म्हणत. खुर्चीतही तो टेकल्यासारखा बसला.

"सिग्नल पिवळा होता काका. म्हटलं निघून जाईल. नाही निघाला. संपलं."

"कोणत्या गिअरमध्ये होतास?"

"चौथ्या. साठला तरी असेन."

"जाताना की येताना?"

"जाताना. घरून निघालो होतो."

काकांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. वादळाने वाकून आकडा वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"सतरा? काका, मी इमारतीच्या फाटकातसुद्धा सतरानं येत नाही."

"तेच म्हणतो मी. तू ज्या सिग्नलला सतरानं गेलास, तो सिग्नल अजून जन्माला यायचाय. आता खरं सांग, कोणाला पाठीशी घालतोयस?"

वादळ खुर्चीत मागे सरला. मग म्हणाला, "दादाच असणार हो. दुपारी बस उभी असते, कधीकधी तो घरी चक्कर मारतो. झाली असेल चूक. तो कबूल करणार नाही, बिल्ल्याची भीती आहे. माझ्या नावावर आधीच चार दंड आहेत. पाचवा चढला तर मला काय फरक पडतो?"

पुढची पाळी बायकोची होती. ती आली ती उत्तरे पाठ करूनच.

"मीच होते काका. फोटोत बघा ना, पायांत चपला दिसतायत. माझ्याच आहेत त्या."

काकांनी पाहिले. पुढच्या फूटरेस्टवर दोन्ही पाय होते आणि पायांत साध्या चपला होत्या. तिचे म्हणणे चूक नव्हते.

"गिअर कोणता होता?"

"तिसरा. आपला... दुसरा असेल."

"जाताना की येताना?"

"जाताना. बाजारात निघाले होते."

"परवाना आहे तुझ्याकडे?"

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. "नाही. पण शिकतेय. अण्णाच शिकवतात, मागच्या मैदानावर. ह्यांना सांगितलेलं नाही. काका, फोटोतल्या त्या दिवशी अण्णांचं हेल्मेट दुसऱ्याच खुंटीवर होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी बंद केलीय. माणूस ऐकतो का? त्यांनीच नेली असणार. या वयात त्यांना कचेरीत उभं करायचं का मी?"

"म्हणजे तू अण्णांसाठी."

"मुलीनं नाही करायचं तर कोणी?"

अण्णा सर्वांत शेवटी आले. कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेला माणूस, बोलणेही मापात.

"मी होतो. दुसरा गिअर. मी दुसऱ्या गिअरचाच माणूस आहे. घरून वाचनालयात निघालो होतो."

"पुरावा?"

"फोटोत बूट दिसतो ना? तो माझा."

"अण्णा, फोटोत चपला आहेत."

"बूट आहे," अण्णा ठामपणे म्हणाले. "डॉक्टरांनी गाडी बंद केली असेल, डोळे बंद केलेले नाहीत. नीट बघा."

"पोरीला वाचवताय तुम्ही. तिला शिकवल्याचं तुमच्या मनाला लागलंय."

अण्णा उठले. "तिला कळलं तर माझ्याशी चार दिवस बोलणार नाही. सांगू नका," एवढे बोलून ते दाराकडे गेले, पण तिथून पुन्हा वळून म्हणाले, "बूटच आहे."

दार लागल्यावर काकांनी कपाटातून भिंग काढले. चालवणाऱ्याच्या पायांत चपलाच होत्या, दोन्ही पायांत. मग ते भिंग हळूहळू मागे सरकवत गेले. मागच्या, म्हणजे जिथे मागे बसणारा पाय ठेवतो त्या उजव्या फूटरेस्टवर, फोटो जिथे कापला होता त्या कडेला लागून, एका बुटाचा पुढचा भाग दिसत होता. त्याचे टोक उन्हात चकाकत होते.

मुलगीही बरोबर होती आणि बापही बरोबर होता. त्या मोटारसायकलवर माणूस एक होता आणि पाय तीन होते.

४

मेस्त्रीचे गॅरेज कोपऱ्यावरच्या गाळ्यात होते. काका आले तेव्हा तो एका बुलेटची साखळी काढून पसरट थाळीत बुडवत होता. थाळीतून पेट्रोलचा उग्र वास येत होता. मेस्त्रीने हात पुसले, स्टूल पुढे केले आणि कोणी न विचारता चहा सांगितला.

"काका, ऐकलं मी सगळं. वाईट झालं. असा गरीब चालक शोधून सापडायचा नाही."

"तू गाडी कधी पोहोचवलीस म्हणालास?"

"सकाळीच. नऊ-साडेनऊ. किल्ली पेटीत टाकली."

"कोणी नेली?"

"माझ्या मेहुण्यानं. वेल्डिंगचं काम नसलं की माझ्याकडेच असतो. मी मागून स्कूटरवर गेलो, येताना त्याला घेऊन आलो. तो पायी यायला तयार नसतो, राजा माणूस."

"गाडी व्यवस्थित चालत होती?"

"लोण्यासारखी. आता तुम्ही मला आठ काढायला लावलात तरी काढून दाखवीन." मेस्त्री हसला. काकांनी त्याला पूर्वी दोनदा नापास केले होते आणि तो ते दर भेटीत काढत असे.

काकांनी चहाचा घोट घेतला आणि नजर नेहमीच्या सवयीने खाली नेली. मेस्त्रीच्या पायांत कारखान्यातले जाड बूट होते. वापरून वापरून पुढचे कातडे झिजून गेले होते आणि आतली लोखंडी टोपी उघडी पडून चकाकत होती.

"साखळी कशात धुतोस?" त्यांनी विचारले.

"पेट्रोलमध्ये. दुसऱ्या कशानं इतकी स्वच्छ निघत नाही."

"पेट्रोल महाग झालंय."

"तुम्ही म्हणता ते खरंय," मेस्त्रीने विषय बदलला. "काका, एक सुचवू? कशाला एवढी डोकेफोड? किरकोळ दंड आहे. मी भरतो तो. शेजारधर्म म्हणून. चालकाला सांगा, मिटवून टाक."

काकांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी दंड चुकवणारे पाहिले होते, दंडावरून भांडणारे पाहिले होते, दंड दुसऱ्याच्या गळ्यात घालणारेही पाहिले होते. गिऱ्हाइकाचा दंड आपणहून भरायला निघालेला गॅरेजवाला त्यांनी आजवर पाहिलेला नव्हता.

"चांगला विचार आहे," ते म्हणाले. "उद्या बाराच्या आत कचेरीत ये. मेहुण्यालाही आण, सोबत होईल."

५

संध्याकाळी बस लावून चालक वर आला. तो बसला नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने काकांपुढे धरला.

"उद्या हा देणार आहे. वाचून बघा, भाषा बरोबर आहे का."

कागदावर लिहिले होते की त्या दिवशी दुपारी मोटारसायकल आपणच चालवत होतो, सिग्नल आपणच तोडला आणि घरच्यांनी आपल्यावरच्या मायेपोटी खोटे लिहून दिले. त्यांना शिक्षा होऊ नये.

"ही चौथी कबुली झाली," काका म्हणाले.

"तीन खोटे जबाब, मॅडम म्हणाल्या ते ऐकलंत ना? अण्णांना या वयात हेलपाटे. धाकट्याच्या नावावर आधीच चार दंड. हिच्याकडे तर परवानासुद्धा नाही."

"तुला माहीत आहे ते?"

"मैदानातली लाल माती गाडीच्या चाकाला लागते काका. गाडी मी पुसतो," चालक म्हणाला. "शिकू दे. मी विचारलं तर अण्णांची मजा जाईल."

काकांनी कागदावर पुन्हा नजर टाकली.

"आणि बिल्ला?"

"बिल्ला जाईल. मालवाहू ट्रकवर काम मिळतं." तो खिडकीबाहेर बघू लागला. "पहिल्या थांब्यावर दोघी बहिणी चढतात. धाकटी रोज विचारते, आज काच का वाजतेय. तिला सांगितलंय, दुरुस्त करतो म्हणून. ते तेवढं राहून गेलं."

काकांनी कागदाची घडी घालून ती परत त्याच्या खिशात ठेवली.

"हा उद्या खिशातच असू दे. मी सांगेपर्यंत बाहेर काढायचा नाही. मला एकच सांग, मेस्त्रीकडून आपल्या इमारतीकडे येताना चौकातलं औषधांचं दुकान कोणत्या हाताला लागतं?"

"डाव्या."

"आणि इथून जाताना?"

"उजव्या. अर्थातच."

"तुझ्या घरचे तिघेही जाताना सिग्नल तोडत होते," काका म्हणाले. "तुझी गाडी मात्र येत होती. जा, झोप."

६

दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या खोलीत बाक कमी पडला. मेस्त्री आणि त्याचा मेहुणा भिंतीशी उभे राहिले. मेहुणा उंच, हडकुळा आणि अबोल होता. त्याच्या पायांत चपला होत्या.

"नाव सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"आधी एक हिशेब सांगतो," काका उठले. "पेट्रोलचा आहे. या चालकानं गॅरेजला गाडी दिली तेव्हा टाकी भरलेली होती. संध्याकाळी परत हातात आली तेव्हा कोरडी होती, इतकी की सुरूसुद्धा होईना. मेस्त्री म्हणतो, गाडी सकाळी पोहोचवली. मग दुपारपर्यंत घरातल्या कोणीतरी ती भरलेली टाकी संपवली असली पाहिजे. तेवढ्या पेट्रोलवर ही मोटारसायकल दोन दिवस पळेल. चार-पाच तासांत ते संपत नाही. म्हणजे गाडी घरी पोहोचली तीच रिकाम्या टाकीनं. आणि रिकाम्या टाकीची गाडी घरातलं कोणीही, परवाना असो वा नसो, चौकापर्यंत नेऊ शकत नाही."

"पेट्रोल गेलं कुठे?"

"थाळीत. गॅरेजवाले सुटे भाग गिऱ्हाइकाच्या पेट्रोलमध्ये धुतात. मी असे पुष्कळ पाहिले आहेत. टाकीत थोडं ठेवायचं असतं, घरापर्यंत पुरेल इतकं. या वेळी अंदाज चुकला."

मेस्त्रीने मेहुण्याकडे पाहिले.

"पण गाडी सिग्नलवरून गेली, हे तर फोटोत आहे," बाई म्हणाल्या. "पेट्रोल नव्हतं तर गेली कशी?"

"ताशी सतरानं गेली. चालवणारे पाय चपलांत आहेत, दोन. आणि मागच्या फूटरेस्टवर एक बूट आहे, टोकाला लोखंड असलेला. मागच्या आसनावर कोणी बसलेलं नाही. माणसाला पाय दोन असतात, मॅडम. तिसरा पाय शेजारच्या गाडीवरून आलेला आहे. बंद पडलेल्या मोटारसायकलला मागून दुसऱ्या गाडीवरच्या माणसानं पाय लावून ढकलत न्यायचं, हा प्रकार रस्त्यावर रोज दिसतो. मीच फोटो बघताना पहिल्यांदा नुसत्या पुढच्या फूटरेस्टकडे पाहिलं. अण्णांनी हटकलं नसतं तर मागचा माझ्याही नजरेतून सुटला असता."

अण्णांनी मुलीकडे पाहिले. मुलीने त्यांच्याकडे पाहिले नाही.

"आपल्या यंत्रानं गाडीपुरता भाग कापून छापलाय," काका पुढे म्हणाले. "मूळ फोटो रुंद असणार. आणि दुसरी गाडीही त्याच लाल दिव्यातून गेली असेल, तर यंत्रानं तिलाही सोडलेलं नसणार. यंत्राला भीडभाड नसते. त्याच चौकातली, त्याच क्षणाची दुसरी नोटीस कोणाला गेली आहे, तेवढं बघा."

बाईंनी संगणकाकडे खुर्ची वळवली. खोलीत कळफलकाचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

फोटो खरोखरच रुंद होता. मोटारसायकलच्या उजव्या अंगाला, किंचित मागे, एक जुनी स्कूटर होती. तिच्यावर बसलेल्या माणसाने डावा पाय लांब करून मोटारसायकलच्या फूटरेस्टवर रोवला होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. चेहरा मागून दिसत नव्हता, परंतु स्कूटरच्या मागच्या चाकाच्या आच्छादनावर गॅरेजचे नाव ठळक रंगवलेले होते.

"दुसरी नोटीस आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "स्कूटरच्या मालकानं आली त्याच दिवशी दंड भरलाय. हरकत नाही, चौकशी नाही."

सगळ्यांचे डोळे मेस्त्रीकडे गेले.

"खाई त्याला खवखवे," अण्णा पुटपुटले.

"पेट्रोल चौकाच्या अलीकडेच संपलं," मेस्त्री म्हणाला. तो खाली, आपल्याच बुटांकडे बघत होता. "दुपार झाली होती, गिऱ्हाइकं खोळंबली होती. म्हटलं, पाय लावतो, पाच मिनिटांचं काम. सिग्नल लाल झाला. मी थांबलो असतो तर हा पुढे एकटा चौकात जाऊन पडला असता."

"मी ब्रेक मारणार होतो," मेहुणा पहिल्यांदाच बोलला. "हाच ओरडला, मारू नको, पाय अडकेल म्हणून."

"नऊ वाजता पोहोचवली, असं का सांगितलंस?" चालकाने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते.

"तू फोनवर फोटोची वेळ सांगितलीस, आणि तोंडातून निघून गेलं. मग फिरवता येईना. मला वाटलं दंडच आहे, तुझाही मीच भरीन आणि विषय संपेल. शप्पथ सांगतो, बिल्ला जातो हे मला माहीत नव्हतं."

"आणि माहीत असतं तर?" बाईंनी विचारले.

मेस्त्रीने बूट मागे ओढले. बाई संगणकाकडे वळल्या. त्यांनी चालकाच्या नावासमोरची नोंद काढली, मोटारसायकल चालवणारा म्हणून मेहुण्याचे नाव घातले आणि मेस्त्रीच्या स्कूटरवर धोकादायक रीतीने वाहन ढकलल्याचा दुसरा गुन्हा चढवला. मग त्यांनी तीन जबाबांचे कागद पुन्हा पुढे ओढले.

"आता हे," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही म्हणालात ना, एक तरी खरा असेल म्हणून?"

वादळ जमिनीकडे पाहू लागला.

"तिन्ही खोटे. नियमाप्रमाणे मला कारवाई करावी लागेल. रविवारी इथे वाहतूक नियमांचा वर्ग असतो. तिघांनीही सलग चार रविवार हजर राहायचं. एक गैरहजेरी झाली, तर प्रकरण पुढे जाईल."

"वर्ग घेतं कोण?" अण्णांनी विचारले.

बाईंनी काकांकडे पाहिले. काकांनी खिडकीबाहेर.

"बाई गं," बायको म्हणाली. मग एकदम काहीतरी सुचून तिने विचारले, "काका, त्या वर्गाचा परवान्याला उपयोग होतो का?"

"कसला परवाना?" वादळ म्हणाला.

"तुझ्या वहिनीचा," चालक म्हणाला आणि उठला. "चला. माझी दुपारची फेरी आहे."

बायको त्याच्या मागोमाग निघाली. जिन्यात तिने विचारले, "अहो, तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. तू क्लच अर्धा दाबून धरतेस, झिजलाय तो."

शाळेच्या आवारात पोहोचल्यावर चालकाने बिल्ला शर्टाला लावला, आरसे पुसले आणि आसनावर बसून इंजिन सुरू केले. शेजारची काच लगेच खडखडू लागली. त्याने खिसे चाचपले. हाताला कागद लागला. तो त्याने उलगडला नाही. आणखी दोनदा घडी घालून त्याने त्याची घट्ट पट्टी केली आणि काच व चौकट यांच्यामधल्या फटीत अंगठ्याने दाबून बसवली.

पहिल्या थांब्याच्या दोघी बहिणी सवयीने त्याच्या मागच्या आसनावर येऊन बसल्या. बस चौकापर्यंत आली. दिवा पिवळा होता, तो थांबला.

"काका, आज काच वाजत नाही," धाकटी म्हणाली.

"दुरुस्त केली," चालक म्हणाला.